मुंगीची सपाट रेघ

मुंगीची नोकरी एका खड्ड्यात अडकली होती, आणि तो खड्डा मी खणला होता. त्या शुक्रवारी मला हे माहीत नव्हतं. त्या शुक्रवारी मी बैठकीत खुर्चीला टेकून बसले होते आणि खरं सांगायचं तर मनातून जरा खूश होते. पडद्यावर दोन आलेख होते आणि त्यातला देखणा माझा होता.

मुंगी म्हणजे आमच्या संस्थेच्या तळघरातली प्रयोगवाली. अंगापिंडाने एवढीशी, पण स्वतःच्या दुप्पट वजनाची लोखंडी चौकट एकटीने ढकलत नेताना मी तिला पाहिलं, तेव्हापासून हे नाव. तिचं काम अणू थंड करण्याचं. लेझरचे झोत सगळ्या बाजूंनी मारून अणूंची पळापळ थांबवायची, मग त्यांना चुंबकाच्या पिंजऱ्यात धरून त्यातले फार वळवळणारे उडून जाऊ द्यायचे. असं करत तापमान इतकं खाली न्यायचं की एका अंशाचे कोटी तुकडे केले तर त्यातले एक-दोनच शिल्लक राहावेत. एवढ्या थंडीत लाखभर अणू आपापलं वेगळेपण विसरून एकदिलाने वागायला लागतात. मग त्या घोळक्यात दुसऱ्याच प्रकारचा एखादा अणू सोडायचा आणि त्याचं काय होतं ते बघायचं.

शास्त्राच्या भाषेत या परक्या अणूला अशुद्धी म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, बिचाऱ्याने असं काय पाप केलंय. मी त्याला पाहुणा म्हणते. पाहुणा घरात शिरला की सगळं घर त्याच्याभोवती गोळा होतं आणि त्याला धड हलताही येत नाही. अणूंचंही तसंच. चुंबक कमी-जास्त केला की घरच्यांचा आणि पाहुण्याचा लोभ कमी-जास्त होतो, आणि त्याप्रमाणे पाहुण्याची ऊर्जा बदलते. मुंगी ती तळघरात मोजते. मी तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशेजारी, कॉम्प्युटरवर तीच काढते. मला संस्थेत आकडेवाली म्हणतात.

माझ्या आकड्यांनी दीड वर्षापूर्वी सांगितलं होतं, की चुंबकाच्या एका ठरावीक जोरावर ही ऊर्जा एकदम खाली जाते. आलेखात चक्क खड्डा पडतो. असा खड्डा कुणी पाहिला नव्हता. मी निबंध लिहिला, तो छापून आला, दोन-चार ठिकाणांहून कौतुकाची पत्रं आली. मोठ्या सरांनी मुंगीला सांगितलं, हा खड्डा शोधून दाखव. ती सात महिने शोधत होती. तिची रेघ त्या जागेवरून सपाट जात होती, इस्त्री केल्यासारखी.

"यंत्रात काहीतरी आहे," मोठे सर शुक्रवारी म्हणाले. सर वाईट माणूस नाहीत, पण बुधवारी त्यांच्या तीन जणांच्या समितीपुढे मुंगीच्या मुदतवाढीचा विषय होता, आणि सात महिने स्वतःच्या यंत्रातला दोष न सापडणाऱ्या बाईला आणखी दोन वर्षं कशी द्यायची, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

"मी सगळं तपासलंय, सर," मुंगी म्हणाली. "त्रेचाळीस वेळा मोजलंय."

"चुंबकाची कॉईल एकदा बघून घे," मी म्हणाले. "जोर वर-खाली होत असेल तर बारीक खड्डा बुजून जातो."

उंटावरून शेळ्या हाकणं याहून वेगळं नसतं. कॉईलला मी आयुष्यात कधी हात लावलेला नाही.

मुंगीने मान हलवली. मग माझ्याकडे वळून तिने हळूच विचारलं, "ताई, तुमच्या एकेका फेरीचा आलेख बघायला मिळेल का? सरासरीचा नको. सुट्या फेऱ्या."

"सुट्या फेऱ्यांत काय बघायचंय? त्या नुसत्या वेड्यावाकड्या नाचतात. बघायची ती सरासरी."

"बरं," ती म्हणाली आणि वही मिटली. जाताना तिने खुर्ची आत सरकवून ठेवली, माझीसुद्धा. तिची आई महिन्याभरापूर्वी तिच्याकडे कायमची राहायला आली होती, गावातलं घर रिकामं करून. नोकरीचं असं काही चाललंय हे मुंगीने आईला सांगितलेलं नव्हतं. यंत्र रुसलंय म्हणून उशीर होतो, एवढंच सांगितलं होतं. हे मला ठाऊक होतं आणि तरीही मी कॉईलवर बोलले होते.

आता माझं घर. माझा नवरा फ्रीज दुरुस्त करतो. थंडीचा खरा धंदा आमच्यात त्याचा, कारण त्याने थंड केलेल्या वस्तू खाता येतात. त्याची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, शाळेत गणित शिकवतात. परीक्षा झाल्या की दर रविवारी त्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आमच्याकडे येतात, कारण आमचं जेवणाचं टेबल मोठं आहे. त्यांच्या घरी टेबल लहान आणि यजमान बोलके आहेत.

त्या रविवारी दुपारची जेवणं आटोपली होती. वन्सं लाल पेन घेऊन बसल्या होत्या, मी भांडी पुसत होते. अचानक त्यांनी दोन पेपर शेजारी शेजारी ठेवले आणि समाधानाने चष्मा वर केला.

"सापडले," त्या म्हणाल्या.

"काय?"

"चोर. हे बघ, बावन्नातून सतरा गेले, दोघींचे उरले पंचेचाळीस. आणि पुढच्या ओळीत दोघींनी एकाच जागी खाडाखोड केलीय."

"पण बाकीची सगळी उत्तरं पण सारखीच आहेत की. त्यावरून नाही कळलं?"

"अगं, बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येणार. त्यावरून काय कळतंय? चूक मात्र ज्याची त्याची असते. चुका सारख्या निघाल्या की समजायचं, दोन्ही पेपर एकाच डोक्यातून आलेत."

मी हसले आणि पुसलेलं पातेलं मांडणीवर ठेवलं. दुसरं उचललं. आणि मुंगीचा आवाज आठवला, सुट्या फेऱ्या बघायला मिळतील का म्हणून. पातेलं तसंच ओलं ठेवून मी आतल्या खोलीत गेले आणि लॅपटॉप उघडला. का गेले ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. 

माझं काम फाशांवर चालतं. लाखभर अणूंचं गणित सरळ मांडून सुटत नाही, म्हणून आम्ही कॉम्प्युटरला फासे टाकायला लावतो. अणू असे हलले तर काय, तसे हलले तर काय, अशा असंख्य चाली चालवून शेवटी सरासरी काढायची. एका फेरीवर विश्वास ठेवायचा नसतो, म्हणून वेगवेगळ्या फाशांनी अठ्ठेचाळीस फेऱ्या करायच्या. पण कॉम्प्युटरला खरे फासे टाकता येत नाहीत. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, त्याला आम्ही बी म्हणतो. त्या बीमधून तो दानांची अख्खी माळ काढतो. बी तीच दिली तर माळही तीच निघते.

खड्ड्याच्या जागेच्या अठ्ठेचाळीस फायली होत्या. दीड वर्षात त्यातली एकही मी उघडून पाहिली नव्हती. सरासरी काढणारा प्रोग्रॅम त्या आपल्या आपण वाचतो, मला एकच आकडा देतो आणि तो आकडा किती भरवशाचा हेही सांगतो. मी सहज मधलीच, सतरावी फाईल उघडून आलेख काढला. वेडावाकडा, हवा तसा. मग अठरावी उघडली.

तोच आलेख. वळण तेच, टोक तेच. आकडे लावून पाहिले तर शेवटच्या अंकापर्यंत तेच. एकोणिसावी तीच. विसावी तीच. चोविसावीपर्यंत सगळ्या एकमेकींच्या नकला, पंचविसावीला नवा आलेख, आणि मग तो पुन्हा आठ वेळा.

कारण शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बी कुठून आणायची ती ओळ मी चौदा वर्षांपूर्वी लिहिली होती. घड्याळ बघायचं, आत्ता किती सेकंद झालेत तो आकडा घ्यायचा. तेव्हाचं आमचं यंत्र म्हातारं होतं, एक फेरी सुरू करून दुसरीपर्यंत दम खायचं, त्यामुळे प्रत्येक फेरीला वेगळा सेकंद मिळायचा. दोन वर्षांपूर्वी नवं यंत्र आलं. ते आठ फेऱ्या एका दमात सुरू करतं, एकाच सेकंदाला. आठांनाही तीच बी. अठ्ठेचाळीस साक्षीदार उभे केल्याच्या थाटात मी बोलत होते आणि साक्षीदार होते सहा. प्रत्येकाने तीच साक्ष आठ-आठ वेळा दिली होती. त्या ओळीशेजारी माझ्याच हातची टीप होती: सध्या एवढं पुरे.

मी कागदावर हिशेब केला. सहाच साक्षीदार धरले तर भरवसा जवळजवळ तिपटीने घटत होता, आणि एवढ्या ढिल्या भरवशात तो खड्डा सहज नशिबाने पडलेला असू शकत होता. असू शकत होता, म्हणजे होताच असं नाही. नक्की कळायला सगळ्या फेऱ्या पुन्हा, खऱ्याखुऱ्या वेगळ्या फाशांनी करायला हव्या होत्या. मी ओळ दुरुस्त केली, घरूनच यंत्राला काम लावलं. छत्तीस तास लागणार होते. मंगळवारी सकाळी कळणार होतं.

बाहेर आले तेव्हा माझा चेहरा बघून वन्संनी पेन खाली ठेवलं आणि नवऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला. मी दोघांना सगळं सांगितलं. सांगताना कपाळावर हात मारून घेतला तो खराच मारला, लागला.

"मुंगीला सांगितलंस?" नवऱ्याने विचारलं.

"मंगळवारी सांगते ना. आधी नक्की होऊ दे. समजा खड्डा पुन्हा आलाच, तर उगाच हात दाखवून अवलक्षण."

त्याने रिमोट टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "मी एकदा एका बाईंना सांगितलं, कॉम्प्रेसर गेला, नवीन घालावा लागेल. खाली गाडीत येऊन बघतो तर माझ्याच मीटरची वायर तुटलेली. तेव्हा मलाही वाटलं, आधी मीटर नीट करू, पुन्हा मोजू, मग वर जाऊ. वीस मिनिटं गाडीत बसलो होतो."

"मग?"

"मग काही नाही. त्या वीस मिनिटांत त्या बाई नवीन फ्रीजच्या दुकानात जाऊन पोचल्या. तेव्हापासून माझा नियम आहे, आधी गिऱ्हाईकाला फोन, मग स्क्रू."

वन्संनी पुन्हा पेन उचललं. "आणि त्या पोरीने तुझ्याकडे पेपर बघायला मागितला होता," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. 

फोनवर हे सांगायला मला धीर झाला नाही. सोमवारी सकाळी सतराव्या आणि अठराव्या फेरीचे आलेख छापून घेतले आणि तळघरात उतरले. तिथं मी वर्षातून दोनदा जात असेन. काळे पडदे, टेबलावर शर्टाच्या बटणाएवढे शेकडो आरसे, पाणी फिरवणाऱ्या कूलरची सततची घरघर, आणि दारावर मुंगीच्या अक्षरात "दार हळू लावा". मुंगी चष्मा कपाळावर चढवून टेबलाखाली अर्धी शिरली होती. कॉईल तपासत होती. मी शुक्रवारी म्हणाले होते म्हणून.

"बाहेर ये," मी म्हणाले. "कॉईल राहू दे."

मी कागद तिच्या हातात दिले. ती बोट ठेवून दोन्ही रेघा एकीबरोबर एक वाचत गेली, बाराखडी वाचावी तशी. शेवटाला पोचल्यावर तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरले. एकच रेघ दिसत होती.

"या वेगळ्या फेऱ्या आहेत?"

"असायला हव्या होत्या. नाहीत. चूक माझी आहे, चौदा वर्षांची."

ती तिथल्याच एका उलट्या खोक्यावर बसली. "म्हणजे माझं यंत्र बरोबर आहे?"

मला हो म्हणायचं होतं. शब्द अगदी जिभेच्या टोकापर्यंत आला होता. "ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "माझे फासे चुकलेत एवढं नक्की माहीत आहे. खड्डा आहे की नाही ते उद्या सकाळी कळेल. पण तुला ज्या पट्टीने मोजत होते ती पट्टी मोडकी होती, हे मी आत्ता वर जाऊन सरांना लेखी देणार आहे. उद्याची वाट बघणार नाही."

 मुंगीने कपाळावरचा चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागली. पुसून झाला तरी पुसतच राहिली. मी पायऱ्या चढेपर्यंत ती तशीच बसलेली होती.

सरांनी माझं पत्र दोनदा वाचलं. "उद्या निकाल येणारच आहे तर आज का देतेस?"

"उद्या निकाल माझ्या बाजूने लागला तर मी हे देणार नाही, सर. मी मला ओळखते."

त्यांनी पत्र खणात न ठेवता टेबलावरच ठेवलं. तेवढ्यावरून मला जरा बरं वाटलं.

मंगळवारी मी साडेसातलाच संस्थेत पोचले, तर मुंगी माझ्या खोलीच्या दाराशी जिन्याच्या पायरीवर बसलेली. आम्ही दोघींनी मिळून फायली मोजल्या, अठ्ठेचाळीस. या वेळी तिने एकेक उघडून बघितली आणि मी बसून राहिले. प्रत्येक आलेख वेगळा नाचत होता. मग मी सरासरी काढली आणि तिने सात महिन्यांत मोजलेल्या रेघेवर माझी नवी रेघ टाकली.

खड्डा नव्हता. माझी रेघ तिच्या रेघेवर अशी बसली की रंग वेगळे नसते तर ओळखू आली नसती. मी खुर्चीत मागे रेलले आणि माझा जीव भांड्यात पडला. खड्डा माझा होता, गेला तोही माझाच, निबंधाची दुरुस्ती आता नाव घालून छापावी लागणार होती, आणि तरी गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदा मला धड श्वास घेता आला. नाचता येईना अंगण वाकडं असं मी सात महिने म्हणत होते. अंगण ठणठणीत होतं.

"इस्त्री केल्यासारखी आहे," मी म्हणाले.

मुंगी हसायला लागली. आधी नुसती खांदे हलवत, मग मोठ्याने, मग तोंडावर दोन्ही हात धरून. पुढे ते हसणं राहिलं नाही. मी तिला पाणी दिलं आणि खिडकी उघडली.

बुधवारी समितीने मला आत बोलावलं. मी सगळं सांगितलं, फाशांपासून टिपेपर्यंत. समितीतले एक जण म्हणाले, ही बाब गंभीर आहे. मी म्हणाले, आहे. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आपण." त्यानंतर मुंगीच्या मुदतवाढीला दहा मिनिटंही लागली नाहीत. सपाट रेघ सात महिने एवढ्या बारकाईने मोजणारं यंत्र दुसऱ्या कुठल्या संस्थेकडे नाही, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. दोन वर्षं मिळाली.

संध्याकाळच्या आधीच मी तळघरात गेले. मुंगी आईशी फोनवर बोलत होती. "हो, निघाला रुसवा," ती म्हणत होती. "आज लवकर येते." फोन ठेवून तिने कूलर बंद केला. सात महिन्यांत पहिल्यांदा ती घरघर थांबली आणि कोपऱ्यातल्या नळाचे थेंब ऐकू आले.

"तुझी वही बघू का?" मी विचारलं. "शुक्रवारी मी तुला माझ्या फेऱ्या दाखवल्या नाहीत. तू नाही म्हणालीस तरी चालेल."

तिने वही दिली. त्रेचाळीस मोजण्या, तारीखवार. प्रत्येकीपुढे एकच शेरा: नाही. नाही. नाही. मी पानं उलटत गेले आणि एकोणिसाव्या नोंदीशी थांबले. तिथं लिहिलं होतं: आहे. शेजारी छोटा आलेख चिकटवला होता. त्यात खड्डा होता, माझ्या निबंधात होता अगदी त्या जागी.

"हे काय?"

"एकदा दिसला होता," मुंगी म्हणाली. ती आरशांवर कापडी खोळ घालत होती. "फेब्रुवारीत."

"अगं, मग दाखवला का नाहीस? तेव्हाच दाखवला असतास तर सरांनी तुला डोक्यावर घेतलं असतं. मी पण घेतलं असतं. पुढच्या निबंधात माझ्या नावापुढे तुझं नाव लागलं असतं."

"दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. आला नाही."

तिने खोळीची चारही टोकं नीट खोचली. मी विसावी नोंद बघितली. नाही, असं लिहिलं होतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा नाही, चौथ्या दिवशी पुन्हा. मला हवा तसा खड्डा मलाही एकदाच मिळाला होता, आणि मी दुसऱ्या दिवशी बघितलंच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की मी त्या उलट्या खोक्यावर बसून रडले. ही मुलगी दोन वर्षं इथंच, माझ्या चार मजले खाली असणार होती.

"चला ताई," मुंगी म्हणाली. "आई वाट बघतेय." तिने दिवा घालवला आणि मी दार हळू लावलं.